सहावी खिडकी

"येत्या सहा जूनला, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, ख्रिस्तविरोधक या देवळाच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवणार आहे," नाथनकाका पारधे म्हणाले आणि चष्मा काढून कोटाच्या टोकाने सावकाश पुसू लागले.

पुढच्या बाकावरचं एक तान्हं मूल रडायचं थांबलं. मी मनातल्या मनात तारीख लावून पाहिली. सहा जूनला संध्याकाळी सहा वाजता त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवणार होता तो दयासागर शिरसाठ, लष्करी इस्पितळात नर्सिंग असिस्टंट, छाती बेताची, स्वभाव गरीब. आणि तो येणार होता माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न करायला.

हे एकोणीसशे सहासष्ट सालचं. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मिशन कंपाउंड होतं: एक चर्च, एक शाळा, एक इस्पितळ आणि चिंचेची झाडं. आमच्यात लग्नाच्या आधी तीन रविवार उपासनेत पाळकसाहेब मुलामुलीची नावं वाचतात, याला आम्ही जाहिरात म्हणतो, आणि विचारतात, कोणाची हरकत आहे का. हरकत म्हणजे मुलाची पहिली बायको जिवंत आहे, किंवा दोघं रक्ताच्या नात्यातली आहेत, किंवा मुलगी अजून लहान आहे, अशी काहीतरी धडधाकट हरकत. माझ्या आठवणीत ती एकदाच आली होती. बेलापूरहून एक बाई दोन पोरं काखोटीला मारून आली आणि नवऱ्या मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, यांना विचारा, ही कोणाची. त्या हरकतीला सगळ्यांनी मान दिला. नवऱ्या मुलाने तर मागच्या दाराने दिला.

पण सैतानाच्या वतीने हरकत घेणारे नाथनकाका पहिलेच.

काका पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. उभा जन्म कालव्याच्या पाण्याची मापं घेण्यात गेला. निवृत्त झाल्यावर मापायला काही उरलं नाही, तेव्हा ते पवित्र शास्त्राकडे वळले. आदाम नऊशे तीस वर्षंच का जगला, ओग राजाच्या पलंगाची लांबी नऊ हातच का, नोहाच्या तारवाच्या लांबीला रुंदीने भागलं तर सहा का येतात, हे प्रश्न त्यांना पडायचे आणि त्यांची उत्तरंही त्यांनाच यायची. ती ऐकायला मात्र आम्ही लागायचो. पेत्राच्या जाळ्यात सापडलेल्या एकशे त्रेपन्न माशांवर तर त्यांनी ओळीने तीन प्रार्थनासभा खर्ची घातल्या होत्या. एकपासून सतरापर्यंतच्या आकड्यांची बेरीज एकशे त्रेपन्न होते, सतरा म्हणजे दहा आज्ञा अधिक सात आत्मे, आणि यातून जगाच्या अंताचं वर्ष कसं निघतं ते पुढच्या खेपेला. मी एकदा सुचवून पाहिलं होतं की पेत्र धंद्याने कोळी होता, बरोबर धरून सातजण होते, आणि मासे वाटून घ्यायचे तर आधी मोजावे लागतात. काकांनी माझ्याकडे मोठ्या करुणेने पाहिलं.

"कमलाकर, तुझी दृष्टी अजून पाण्याच्या वरवरच आहे," ते म्हणाले.

लोकांनी माना डोलावल्या. आमच्या मंडळीत मान डोलावण्याचं काम फार निष्ठेने होत असे.

आता सहा-सहा-सहासष्ट. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात ख्रिस्तविरोधकाला श्वापद म्हटलंय आणि त्या श्वापदाचा आकडा दिलाय सहाशे सहासष्ट. ती तारीख काही आम्ही सैतानाची सोय पाहून धरली नव्हती. तिसरी जाहिरात एकोणतीस मेला व्हायची होती. लगेच दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब वार्षिक सभेला जाणार ते पाच जूनला परतणार. दयासागरची रजा संपत होती आणि सात जूनला पहाटे त्याला गाडी धरायची होती, ती थेट नेफाच्या बाजूला, चीनच्या सरहद्दीवर, दोन वर्षांसाठी. मध्ये उरत होता एक सोमवार, सहा तारखेचा. वेळ संध्याकाळची सहाची ठेवली, कारण मे-जूनच्या उन्हात त्याआधी आमच्या चर्चच्या पत्र्याखाली बसणं म्हणजे भाजून निघणं. त्यातून पश्चिमेच्या खिडक्यांतून सहाच्या सुमाराला जरा वारं सुटायचं.

माझ्या बहिणीचं नाव तबिथा. घरात तबी. मिशनच्या इस्पितळात ती नर्स होती. दयासागर फौजेत जायच्या आधी तिथेच कामाला होता, त्यांची ओळख तेव्हाची. त्यांचं लग्न ठरून चार वर्षं झाली होती. बासष्टच्या हिवाळ्यात पत्रिका छापायला टाकल्या आणि चीन आला. पासष्टला हॉलमधली बाकंसुद्धा पुसून झाली होती, तेव्हा पाकिस्तान आला. दयासागर दोन्ही वेळा गेला, दोन्ही वेळा जखमी लोकांना पट्ट्या बांधून परत आला. तबी सत्तावीस वर्षांची झाली होती. आई-वडील दोघंही नव्हते. घरात आम्ही दोघंच, आणि वडीलकी माझ्याकडे.

त्या रविवारी मी घरी येऊन तिला काकांची हरकत सांगितली. तिला कळावं म्हणून सांगावी लागली, कारण आमच्याकडे ज्या मुलीचं नाव वाचायचं ती त्या रविवारी चर्चला जात नाही. ती दयासागरच्या शर्टाला बटणं लावत होती. दोरा दातांनी तोडून ती म्हणाली, "एकदा चीनने पुढे ढकललं, एकदा पाकिस्तानने. आता सैतान."

"मी बघतो काय करायचं ते," मी म्हणालो.

"बघ. पण दादा, विनोद करू नकोस."

हे तिने का बजावलं ते सांगायला हवं. मी मिशनच्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि नगरच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला एक चिमटे काढणारं सदर लिहीत होतो. माझी अशी ठाम समजूत होती की मूर्खपणाला त्याचं तोंड आरशात दाखवलं की तो लाजून निघून जातो.

खरी अडचण काका नव्हते. खरी अडचण मार्थाबाई, दयासागरची आई. त्या बायबलबाई होत्या. खेडोपाडी पायी हिंडून बायकांना शास्त्र वाचून दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पाटलाच्या कुत्र्यांना, पाटलाला, पुराच्या पाण्याला, कशालाच त्या भ्यालेल्या मी ऐकलं नाही. पण काकांच्या बेरजेला त्या भ्याल्या. उपासनेनंतर चिंचेखाली त्यांनी मला थांबवलं. छत्री मिटलेली होती, तरी ती त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"मास्तर, एकच मुलगा आहे मला," त्या म्हणाल्या. "दोन लढायांतून देवाने परत दिला. आता मुद्दाम त्याच तारखेला उभा करून देवाची परीक्षा बघू का मी? तुमची बहीण मला लेकीसारखी आहे. पण दोन वर्षं थांबू आपण."

त्यांच्याशी भांडता येईना. मी ठरवलं, काकांशी भांडू.

सोमवारी मी त्यांच्या घरी गेलो. सलाम केला. काकांनी चहा मागवला आणि मला समोर बसवलं. मी नम्रपणे विचारलं की हे सहासष्ट साल आलं कुठून. शास्त्रात हा सन नाही. यहुद्यांच्या कालगणनेत सध्या पाच हजार सातशे सव्विसावं साल चालू आहे आणि बाजारातल्या पंचांगवाल्याला विचारलं तर तो शके अठराशे अठ्ठ्याऐंशी सांगेल. मग सैतान यातलं कोणतं साल धरून चालतो?

काकांनी बशीत चहा ओतला. "सैतान ज्या गावी जातो त्या गावचं कॅलेंडर वापरतो," ते म्हणाले. "हीच तर त्याची हुशारी."

मी दुसरा बाण काढला. रात्रभर जागून शोधलेला होता. एज्राच्या पुस्तकात बाबेलच्या बंदिवासातून घरी परतलेल्या कुळांची मोजणी आहे, तीत अदोनीकामाचे वंशज बरोबर सहाशे सहासष्ट. बिचारे पोराबाळांसकट गाढवं हाकत आपल्या गावी आले. ते सगळे श्वापदं होते का?

काका हसले. समोरच्याने आपल्याच अंगणात पाय टाकावा तसं. बशी खाली ठेवून ते पुढे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तीच मोजणी नहेम्याच्या पुस्तकात बघ. तिथे सहाशे सदुसष्ट आहेत. आता मला सांग, कमलाकर, तो वाढलेला एक कोण?"

पाठ करणाऱ्याची किंवा उतरवणाऱ्याची चूक, असं म्हणता आलं असतं. पण त्या वेळी काकांच्या डोळ्यांत जी चमक होती तिच्यापुढे तसं म्हणणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत हिशेबनिसाला नेऊन बसवण्यासारखं झालं असतं. दुपारपर्यंत कंपाउंडभर झालं की मास्तर काकांकडे गेले होते आणि त्यांना सदुसष्टाव्याचा उलगडा झाला नाही. संध्याकाळी नळावर दोन बायका त्या सदुसष्टाव्याचा माग काढत होत्या. एकीचा संशय आमच्या शाळेच्या हेडमास्तरांवर होता.

बुधवारी शाळेच्या एका वर्गात चर्चच्या पंचांची सभा होती. तिथे हरकतीचा निकाल लागायचा होता. अध्यक्ष पाळकसाहेब, रेव्हरंड देवदान पगारे. अतिशय सज्जन माणूस. भिंतीवरच्या पालीला हाकलतानाही 'माफ करा' म्हणतील असा. त्यांच्या मनात हरकत फेटाळायची होती, पण काकांचं मन मोडायचं नव्हतं, आणि मार्थाबाईंचं नाही, आणि माझं नाही, आणि शक्य तर सैतानाचंही नाही. उरलेल्या पंचांत बोलणारा एकच, सामसन मिस्त्री. चर्चचा दगड न् दगड त्याच्या आज्याने बसवला होता, त्यामुळे इमारतीवर काही बोलायचं असेल तर तो बोलायचा आणि एरवी तंबाखू चोळायचा.

मला मुलीकडचा म्हणून बाजू मांडायला बोलावलं होतं. तबीचं बजावणं मला आठवत होतं. पण काका बोलायला उभे राहिले, त्यांनी फळ्यावर खडूने तीन सहा काढले आणि त्यांच्याभोवती वर्तुळ काढलं, तेव्हा माझ्या आतलं सदर जागं झालं.

मी उभा राहिलो आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणालो की काकांचं म्हणणं मला पटलं आहे. इतकं पटलं आहे की मी स्वतःही थोडा अभ्यास केला. आणि मला दिसलं की धोका तारखेपुरता नाही. आपण बसतो त्या चर्चला खिडक्या किती? सहा. छताला दिवे टांगलेत किती? सहा. आणि या खोलीत, पाळकसाहेबांना धरून, पंच किती बसले आहेत? माझी बहीण एक दिवस चर्चमध्ये येणार. आपण या सहा-सहा-सहामध्ये दर रविवारी येतो, दहा-दहा वर्षं. तेव्हा माझी नम्र सूचना अशी की लग्न खुशाल होऊ द्यावं, आणि मंडळीनेच दुसरं गाव बघावं.

आणि मी हशा यायची वाट पाहत थांबलो.

पाळकसाहेब ओठ हलवत पंच मोजत होते. ते स्वतःपाशी पोचले आणि थबकले. सामसन मिस्त्रीने डोळे मिटले होते आणि एका हाताने हवेत खिडक्या दाखवत तो बोटं दुमडत होता. तीन इकडे, तीन तिकडे. त्याने डोळे उघडले तेव्हा त्याच्या तळहातावरचा तंबाखू खाली सांडला.

"सहाच आहेत," तो म्हणाला. "माझ्याच आज्याने बसवल्यात."

काका फळ्यापासून निघून माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले.

"कमलाकर," ते म्हणाले, "तुझ्या बापाला हे कधी दिसलं नाही."

सभा तहकूब झाली. दार उघडून बाहेर आलो तर पायरीवर मार्थाबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. छत्री टेकत उठल्या आणि चर्चला लांबून वळसा घालून घरी गेल्या.

आता लग्न त्या तारखेलाही नको होतं आणि त्या इमारतीतही नको होतं. मी घरी आलो. तबी कंदिलाची काच पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं, कारण लपवून उपयोग नव्हता. सामसनच्या बायकोने तोपर्यंत कंपाउंडमधले जिने मोजायला घेतले होते. मी म्हणालो की या लोकांना विनोद कळत नाही यात माझा काय दोष. मी म्हणालो की ही माणसं नाहीत, मान डोलावणारी बाहुली आहेत. मी आणखीही बरंच म्हणालो. ती काच पुसत राहिली. तिला रडू येईल म्हणून मी धास्तावलो होतो. ती रडली नाही. काच उजेडाकडे धरून तिने डाग बघितला.

"किती खिडक्या म्हणालास?" तिने विचारलं.

"सहा."

"हं," ती म्हणाली आणि काच कंदिलावर बसवली.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती; शुक्रवारी मी सदर लिहायला बसलो होतो, तेव्हा चर्चकडून थापीचा आवाज यायला लागला. मी जाऊन बघितलं. सामसन मिस्त्री पश्चिमेकडची मधली खिडकी विटांनी बुजवत होता. काका खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि प्रत्येक थराला ओळंबा लावायला सांगत होते. ओव्हरसियर होते ना, भिंत वाकडी गेलेली त्यांना खपत नसे. सैतानाविरुद्धची असली म्हणून काय झालं. मला बघून त्यांनी हात हलवला. चेहऱ्यावर असं समाधान होतं की आयुष्यात पहिल्यांदा एखादा कालवा अंदाजपत्रकाप्रमाणे पुरा झाला असावा.

त्यांनी मला समजावून सांगितलं. प्रार्थनेत त्यांना उघड झालं होतं की सहांतली एक खिडकी त्याची आहे. ती बुजवली की उरतात पाच. पाच ही कृपेची संख्या. दाविदाने ओढ्यातून गोटे उचलले ते पाच. मुलाच्या शिदोरीत भाकरी होत्या त्या पाच. मार्ग बंद झाला की तारखेला करता येण्यासारखं काही उरत नाही. तो येईल, भिंतीवर डोकं आपटेल आणि परत जाईल. दिवे आणि पंच यांचं पुढे बघता येईल.

"म्हणजे लग्न होऊ शकतं?" मी विचारलं.

"होऊ शकतं म्हणजे? झालंच पाहिजे," काका म्हणाले. "त्याच तारखेला, त्याच वेळेला. त्याला दिसलं पाहिजे."

मार्थाबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन ओल्या भिंतीवर तळहात टेकवला, एखाद्या पोराचा ताप बघावा तसा, आणि मग डोळ्यांना पदर लावला. त्यांनी दोन दिवसांत अन्न घेतलं नव्हतं, असं नंतर कळलं.

मला मात्र हे सोसत नव्हतं. आपल्या डोळ्यांदेखत शहाणीसुरती माणसं चर्चची चांगली खिडकी बुजवतात, ऐन मे महिन्यात, वारा येतो तीच, आणि वर एकमेकांचं अभिनंदन करतात. शनिवारी रात्री मी तबीला म्हणालो की उद्या तिसरी जाहिरात आहे, पाळकसाहेब विचारतील कोणाची हरकत आहे का, तर मला उठून एवढंच विचारायचं आहे की ख्रिस्तविरोधकाला दार माहीत नाही का. खिडकीनेच कशाला येईल तो? ज्याने उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं असं ठरलं होतं त्याच्यासाठी दार सताड उघडं आहे.

तबीने ऐकून घेतलं. सकाळी मी कोट घालत असताना ती मसाल्याच्या डब्यातून एक लवंग घेऊन आली.

"आ कर," ती म्हणाली. तिने लवंग माझ्या जिभेवर ठेवली. "चावायची नाही आणि थुंकायची नाही. शेवटच्या गाण्यापर्यंत तशीच राहिली पाहिजे. घरी आलास की मला दाखवायची."

त्या रविवारी पाळकसाहेबांनी नावं वाचली आणि विचारलं, कोणाला हरकत असेल तर त्याने आत्ता बोलावं. सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. मंडळीला माझ्याबद्दल तेवढी समज होती. मार्थाबाईंनी डोळे मिटून घेतले. माझं तोंड जळत होतं. मी समोरच्या बुजवलेल्या खिडकीकडे बघितलं, गिलावा अजून ओला होता, आणि मला इतकी चांगली वाक्यं सुचत होती की त्यांतली दोन मी पुढे वीस वर्षं वेगवेगळ्या लोकांच्या नावावर खपवली. मी लवंग या गालातून त्या गालात केली. पाळकसाहेबांनी घाईघाईने पुढचं गाणं सांगितलं.

सहा जून उजाडला तो ढगांशिवाय. दुपारी पत्रा असा तापला की वरचे कावळे उठून चिंचेवर गेले. साडेपाचला मी तबीला घेऊन चर्चच्या दाराशी आलो. आत माणसं भाकरीच्या डब्यात भाकरी रचाव्यात तशी बसली होती. दयासागर वेदीपाशी उभा होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या लष्करी पोशाखात, आणि त्याच्या कपाळावरून घाम असा वाहत होता की मला वाटलं सैतानाने त्याला आधीच गाठलं. बँडवाल्यांना इशारा व्हायचा होता. आम्ही दोघं दारात थांबलो. तबीने पांढरी साडी नेसली होती, हातात मोगऱ्याचा गुच्छ होता. ती आत वाकून खिडक्यांकडे बघत होती.

"फार उकडतंय का रे आत?" तिने विचारलं.

"मधली उघडी असती तर बरं झालं असतं," मी म्हणालो. "त्या गाढवाला बुजवायला तीच सापडली."

"त्यांनाच निवडू दिली मी," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"मी गुरुवारी ड्यूटीवरून येताना त्यांच्याकडे गेले होते," ती गुच्छाची पानं नीट करत म्हणाली. "नुसतं विचारलं की काका, तुम्हाला तर सगळं दिसतं, त्या सहांतली त्याची खिडकी कुठली असेल. मग ते डोळे मिटून बसले. बराच वेळ बसले. मी तेवढ्यात त्यांचं ब्लडप्रेशर घेतलं. मग म्हणाले, पश्चिमेची मधली. संध्याकाळी तिच्यातून ऊन बरोबर त्यांच्या बाकावर येतं, डोळ्यांवर. आणि सैतान उजेडाच्या देवदूताचं रूप घेतो, असं लिहिलेलंच आहे म्हणे."

"आणि बुजवायचं कोणी काढलं?"

"सामसनमामा तिथेच बसले होते. त्यांना नुसतं विचारलं, विटा आहेत का."

बँडवाल्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं होतं.

"तू हसवायला गेलास," तबी म्हणाली. "त्यांना हसायचं नव्हतं, त्यांना काहीतरी करायचं होतं. इस्पितळात घाबरलेल्या नातेवाइकाला आम्ही पाणी गरम करायला पाठवतो. लागत नाही ते पाणी." मग तिने माझा हात धरला. "एक खिडकी गेली. जाऊ दे. चल आता."

आम्ही आत गेलो. मी तिला दयासागरच्या शेजारी उभं केलं. त्याने तिच्याकडे बघितलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा तो माणूस कुठेही निघायच्या घाईत दिसला नाही. मार्थाबाई पहिल्या बाकावर होत्या, त्यांचे ओठ हलत होते. मला जागा उरली होती ती बाजूच्या बाकाच्या टोकाला, बुजवलेल्या खिडकीखाली, काकांच्या शेजारी. काकांनी लोकरीचा काळा कोट घातला होता. आजच्या संध्याकाळचे खरे यजमान आपण आहोत हे त्यांच्या बसण्यावरून लांबूनही कळत होतं.

पाळकसाहेबांनी शपथेचे शब्द सांगायला तोंड उघडलं आणि इस्पितळाची घंटा वाजायला लागली. सहा टोले. शेवटचा टोला विरला तसे काका उभे राहिले. कार्यक्रमात हे नव्हतं. पाळकसाहेब 'माफ करा' म्हणून थांबले. काकांनी उजवा हात वर केला, डावा पाठीमागच्या भिंतीवर ठेवला, आणि मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "पाहा. मार्ग बंद झाला आहे. या घटकेला तो बाहेर उभा आहे, आणि त्याला आत येता येत नाही."

बाहेर त्या घटकेला बँडवाले उभे होते. पण साऱ्या मंडळीने श्वास सोडला. सामसन मिस्त्री सगळ्यांच्या आधी "आमेन" म्हणाला. मार्थाबाईंनी मान वर करून लेकाकडे बघितलं, आणि सुनेकडे, आणि पंधरा दिवसांत प्रथमच हसल्या. पाळकसाहेबांनी शपथ दिली. तबीने ती स्पष्ट आवाजात म्हटली. दयासागरने ती घामाघूम होऊन म्हटली. अंगठ्या झाल्या. लग्न लागलं.

काका खाली बसले. त्यांनी रुमालाने मान पुसली, मग कपाळ, मग पुन्हा मान. कोटाचं वरचं बटण काढलं. खालचंही काढलं. हाताने वारा घालून बघितला. मग माझ्याकडे झुकले आणि माझ्या कानाशी लागून, मंडळीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाले, "कमलाकर, जरा ही आपल्या मागची खिडकी उघड रे. फार उकडतंय."